चिकित्सालयातील लॅपटॉपसाठी एसएसडी : परीक्षा, निवड व स्थापना

आपल्या त्रैमासिकात संगणकाच्या एका सुट्या भागाविषयी लेख पाहून काही ज्येष्ठ वैद्यांना नवल वाटेल. तथापि गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या व्यवसायाचे व्यवहार पुष्कळ पालटले आहेत. रुग्णपत्रे, पंचकर्माच्या दैनंदिन नोंदी, औषधांचा साठा, कालबाह्यतेच्या तारखा, वस्तू व सेवा कराची देयके हे सर्व आज अनेक चिकित्सालयांत व औषधालयांत एकाच लॅपटॉपमध्ये साठविलेले असते. हा लॅपटॉप बहुधा २०१४ ते २०१९ या काळात घेतलेला असतो आणि आता सुरू व्हावयास चार-पाच मिनिटे घेतो. 'नवा घ्यावा की यालाच एसएसडी बसवावी?' असा प्रश्न जिल्ह्यातील सहव्यावसायिक वारंवार विचारतात. प्रस्तुत लेखक संगणकतज्ज्ञ नव्हे, बी.ए.एम.एस. झालेला एक चिकित्सक आहे. परंतु स्वतःचे नुकसान सोसल्यामुळे या विषयात थोडीबहुत गती प्राप्त झाली, तीच येथे मांडीत आहे.

ते नुकसान असे. २०१९ च्या पावसाळ्यात माझ्या लॅपटॉपमधून अधूनमधून 'कट्-कट्' असा आवाज येऊ लागला व यंत्र अतिशय मंद झाले. ज्यांच्याकडे दुरुस्तीस दिला त्यांनी व्हायरसचे निदान करून सर्व काही पुसले व प्रणाली नव्याने टाकून दिली. 'डेटा ठेवायचा आहे का?' हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, आणि मीही सांगितले नाही. रुग्णनोंदींची पेनड्राइव्हवरील प्रत अकरा महिन्यांपूर्वीची निघाली. पुढच्याच आठवड्यात आमवाताची एक रुग्णा आली आणि 'मागच्या वेळचंच औषध द्या, त्यानं लई गुण आला' म्हणाली. सिंहनाद गुग्गुळ दिल्याचे मला स्मरत होते. परंतु मात्रा, अनुपान व सोबतचा काढा यांपैकी काहीही आठवेना. तिच्याजवळची चिठ्ठी पावसात भिजून गेली होती. तीन आठवड्यांनी तो लॅपटॉप पूर्णच बंद पडला आणि व्याधी हार्डडिस्कचा होता, व्हायरसचा नव्हे, हे तेव्हा उघड झाले. निदान चुकले होते, आणि चुकीच्या निदानावर शोधन करून टाकले होते.

मंदत्वाचे कारण

हार्डडिस्क म्हणजे फिरणारी चकती व तिच्यावर पुढे-मागे सरकणारे वाचनाचे टोक. लॅपटॉपमधील सर्वसाधारण चकती मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती नोंद टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते आणि टोक योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी सुमारे १२ मिलिसेकंद जातात. थोडक्यात, विखुरलेली एक नोंद वाचण्यास १७-१८ मिलिसेकंद लागतात. हा काळ क्षुल्लक वाटतो. परंतु संगणक सुरू होताना, किंवा देयकांची आज्ञावली औषधांची यादी उघडताना, अशा हजारो लहान नोंदी वाचाव्या लागतात. दहा हजार नोंदींना जवळजवळ तीन मिनिटे! एसएसडीमध्ये फिरणारा भागच नाही. विद्युत्भार धरून ठेवणाऱ्या सूक्ष्म कोशांत माहिती असते आणि तीच नोंद ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास मिळते. दहा हजार नोंदींचे काम एका सेकंदाच्या घरात होते. जुन्या यंत्राला एसएसडीने जो फरक पडतो तो मुख्यतः या एका गोष्टीमुळे. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या वेगाशी त्याचा फारसा संबंध नाही.

आपल्या भागात आणखी एक लाभ आहे. सेनगाव, औंढा किंवा कळमनुरीच्या खेड्यांत शिबिरासाठी, आठवडी बाजाराच्या दिवशीच्या बाह्यरुग्ण सेवेसाठी लॅपटॉप दुचाकीच्या डिकीतून जातो. पुष्कळ जण तो बंद न करता नुसताच मिटून ठेवतात. चकती फिरत असताना बसणारा हिसका टोकाला चकतीवर आदळवू शकतो. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी आखाडा बाळापूर परिसरात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला, त्याची चर्चा अजून होते. हार्डडिस्कच्या दृष्टीने मात्र आमचे काही रस्ते रोजच तो अनुभव देतात. एसएसडीला या हिसक्यांचे भय नाही.

आधी यंत्राची परीक्षा

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा येथेही उपयोगी पडते. प्रथम मालकास विचारावे : यंत्र सुरू होण्यास विलंब लागतो, की सुरू झाल्यावर केवळ इंटरनेटवरील कामे रेंगाळतात? कराचे संकेतस्थळ उघडण्यास वेळ लागत असेल तर त्याला एसएसडी हे औषध नव्हे. स्पर्शाने तळ अतिशय तप्त लागत असेल, पंखा सतत घरघरत असेल, तर आधी तो स्वच्छ करावा. औषधनिर्माण करणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. चूर्णे कुटण्याच्या वा चाळण्याच्या खोलीशेजारी ठेवलेल्या लॅपटॉपच्या पंख्यात अतिसूक्ष्म धूळ बसते. वसमतच्या एका स्नेह्यांचा लॅपटॉप उघडला तेव्हा आतील पंखा हळदीने अक्षरशः पिवळा झालेला आढळला. आमच्या हळदीचा रंग किती पक्का, हे त्या निमित्ताने पुन्हा पटले!

त्यानंतर दर्शन. विंडोजमध्ये 'टास्क मॅनेजर' उघडून कामगिरीचे पान पाहावे. यंत्र रेंगाळत असताना 'डिस्क'चा आकडा दीर्घकाळ १०० टक्के असेल व प्रोसेसर निवांत असेल, तर दोष चकतीचा मानावा. 'मेमरी' ९० टक्क्यांच्या वर चिकटून असेल तर रॅम अपुरी आहे. केवळ ४ जीबी रॅम असलेल्या यंत्रास एसएसडीने उपशय मिळतो, पण पूर्ण गुण ८ जीबी केल्यावरच येतो. हार्डडिस्कचे आरोग्य सांगणारी 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाची विनामूल्य आज्ञावली आहे. तीत चकतीची स्थिती 'सावधान' वा 'वाईट' दिसली, किंवा माझ्यासारखा 'कट्-कट्' आवाज येत असला, तर त्याच क्षणी अन्य सर्व कामे थांबवून प्रत काढावी. अशा चकतीवर फॉरमॅट, जागेची फेरमांडणी, दीर्घ तपासणी असे कोणतेही कर्म करू नये. दुर्बल रुग्णास तीक्ष्ण वमन देण्यासारखेच ते आहे.

साध्यासाध्यतेचा विचारही याच टप्प्यावर करावा लागतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षेची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर करण्यात आली. विंडोज ११ साठी इंटेलचा, काही अपवाद वगळता, आठव्या पिढीचा वा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे साधारणतः २०१८ पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप अधिकृतपणे बाद ठरतात. एसएसडी बसवून यंत्र चपळ होईल, पण प्रणालीचे वय कमी होणार नाही. सबब, २०१८ नंतरच्या यंत्रास एसएसडी बसवावी, त्यात संदेह नाही. त्यापूर्वीचे यंत्र याप्य समजावे. केवळ देयके व साठा यांसाठी, इंटरनेटपासून दूर ठेवून ते काही वर्षे उत्तम चालेल. बँकेचे व्यवहार व रुग्णांशी होणारा पत्रव्यवहार त्यावर करू नयेत. ज्यांना ते मान्य नाही त्यांनी एसएसडीवर खर्च न करता नवे यंत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. काही स्वस्त व पातळ लॅपटॉपमध्ये साठवणीची चिप मदरबोर्डलाच डाग देऊन जोडलेली असते. तेथे बदलाचा प्रश्नच उरत नाही.

सात्म्य : कोणत्या यंत्रास कोणती एसएसडी

द्रव्य उत्तम असूनही प्रकृतीस सात्म्य नसेल तर ते निरुपयोगी ठरते. एसएसडीच्या खरेदीत सर्वाधिक पैसा येथेच वाया जातो.

पहिला प्रकार अडीच इंची साटा एसएसडीचा. ही दिसावयास जुन्या हार्डडिस्कसारखीच चपटी पेटी असते आणि तिच्याच जागी, त्याच जोडणीवर बसते. २०१० ते २०१८ दरम्यानच्या बहुसंख्य लॅपटॉपांस हीच लागते. जाडी तेवढी पाहावी. आजच्या एसएसडी ७ मिलिमीटर जाड असतात, तर काही जुन्या लॅपटॉपमधील खण ९.५ मिलिमीटरचा असतो. अशा वेळी पेटी सैल राहते व सोबत मिळणारी प्लॅस्टिकची चौकट चिकटवून ती घट्ट करावी लागते. हिचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत मर्यादित असतो. चिकित्सालयाच्या कामास तो पुरून उरतो.

दुसरा प्रकार एम.२ चा. ही च्युइंगगमच्या पट्टीएवढी उघडी पट्टी असते. येथे घोळ असा की, 'एम.२' हे केवळ आकाराचे नाव आहे. त्या आकारात दोन भिन्न भाषा बोलणाऱ्या पट्ट्या मिळतात : एक साटा आणि दुसरी एनव्हीएमई. एनव्हीएमई पट्टी पुष्कळ वेगवान. तिसऱ्या पिढीच्या जोडणीवर ती सेकंदाला ३,५०० एमबीपर्यंत जाऊ शकते. पण खोबणीला ती भाषा कळत नसेल तर पट्टी बसते, स्क्रू लागतो, आणि संगणकाला काहीच दिसत नाही. कळमनुरी तालुक्यातील एका वैद्यमित्रांच्या बाबतीत नेमके हेच घडले. त्यांच्या २०१७ च्या लॅपटॉपची खोबणी केवळ साटाची होती. दुकानदाराने 'एम.२ आहे ना, मग बसेल' असे सांगून एनव्हीएमई पट्टी दिली. दोन दिवस ते यंत्रालाच दोष देत होते. पाकीट फोडल्याचे कारण सांगून ती परतही घेतली गेली नाही.

पट्टीच्या सोनेरी दातांमधील खाचा पाहून भाषा ओळखता येते, असे सर्वत्र सांगितले जाते. दोन खाचा असल्यास बहुधा साटा आणि एक खाच असल्यास बहुधा एनव्हीएमई, हे खरे. परंतु हा 'बहुधा' महत्त्वाचा आहे. दोन खाचांच्या एनव्हीएमई पट्ट्याही निघाल्या आहेत. आणि एका खाचेच्या खोबणीत दोन खाचांची साटा पट्टी सहज शिरते, मग ती खोबणी साटा ओळखत असो वा नसो. म्हणून खाचेवर विसंबू नये. लॅपटॉपच्या तळावरील चिकटपट्टीवरून पूर्ण मॉडेल क्रमांक घ्यावा आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलची देखभाल पुस्तिका उतरवावी. डेल, एचपी, लेनोवो या उत्पादकांच्या बहुतेक मॉडेलांच्या पुस्तिका तेथे विनामूल्य असतात. त्यांत कोणती जोडणी चालते, पट्टीची लांबी किती, तळ कसा उघडावा, हे चित्रांसह दिलेले असते. एका नावाखाली अनेक उपप्रकार विकले जातात, म्हणून केवळ 'इन्स्पिरॉन' किंवा 'पॅव्हेलियन' सांगणे म्हणजे रुग्णास 'संधिवात आहे' एवढेच सांगण्यासारखे आहे.

लांबीचा उलगडा सोपा आहे. २२८० या संख्येतील २२ ही रुंदी व ८० ही लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २२४२ व २२३० या आखूड पट्ट्याही असतात. ज्या यंत्रात २२४२ ची जागा आहे तेथे २२८० मावणार नाही. काही पट्ट्यांना उष्णता खेचणारा धातूचा जाड पत्रा लावलेला असतो. तो टेबलावरील संगणकासाठी आहे, लॅपटॉपचे झाकण त्यावर बसत नाही. पातळ यंत्रांसाठी एकाच बाजूस चिप असलेली पट्टी पाहावी. चौथ्या पिढीची पट्टी तिसऱ्या पिढीच्या खोबणीत चालते, मात्र वेग तिसऱ्याचाच राहतो. जास्तीचे मोल व्यर्थ.

खरेदी

किती क्षमतेची घ्यावी? रुग्णनोंदी व देयके यांना जागा फारच थोडी लागते. जागा खातात ती क्ष-किरण चित्रे, व्याख्यानांच्या चित्रफिती आणि मोबाइलमधील छायाचित्रे. बहुतेकांस ५०० जीबी पुरते. संगणक तीच ४६५ जीबी दाखवितो; ही फसवणूक नसून मोजण्याच्या दोन रीतींतील फरक आहे. एसएसडी काठोकाठ भरू नये, पंधरा-वीस टक्के रिकामी ठेवावी; उदराचा काही भाग रिक्त ठेवण्याचा आपला आहारविधी आहेच.

आयुर्मानाविषयी पुष्कळ भीती पसरलेली आहे. एसएसडीच्या कोशांवर ठराविक वेळाच लिहिता येते, हे सत्य आहे. उत्पादक ही मर्यादा एकूण लेखनाच्या टेराबाइटमध्ये देतो. ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीस ती सामान्यतः १५० ते ३०० टेराबाइट असते. आपल्या चिकित्सालयात प्रणालीच्या अंतर्गत लेखनासह दिवसाला १० जीबी लिहिले जाते असे धरू. वर्षाला साडेतीन-पावणेचार टेराबाइट. १५० टेराबाइटची मर्यादा गाठावयास चाळीस वर्षे लागतील. तोवर लॅपटॉप, आणि बहुधा आपणही, निवृत्त झालेले असू. तथापि कोशांचे प्रकार पाहून घ्यावेत. एका कोशात तीन बिट ठेवणारा टीएलसी प्रकार आपल्या कामास योग्य. चार बिटांचा क्यूएलसी स्वस्त असतो, पण मोठे लेखन करताना मंदावतो व त्याची लेखनमर्यादाही कमी असते. तीन किंवा पाच वर्षांची हमी असलेली, परिचित उत्पादकाची घ्यावी. जीएसटी देयकावर अनुक्रमांक लिहून घ्यावा. त्यावाचून हमी मागणे कठीण जाते. अविश्वसनीय स्वस्तात २ टीबी वगैरे विकणाऱ्यांपासून दूर राहावे. अशा पेटीत कधी कधी पेनड्राइव्हची चिप बसविलेली असते व खोटी क्षमता दाखविलेली असते. ती भरत आली की आधीची माहिती नष्ट होत जाते. भेसळीचा गुग्गुळ ओळखणाऱ्यांना याहून अधिक सांगणे नलगे. २०२५ च्या उत्तरार्धात स्मृतिचिपांचे भाव बरेच चढले, तेव्हापासून अशा मालाचा मोह अधिकच वाढला आहे.

पूर्वकर्म

शस्त्रकर्मापेक्षा पूर्वकर्मास अधिक वेळ द्यावा. प्रथम सर्व माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे प्रत नव्हेच. देयकांच्या आज्ञावलीत स्वतःचा 'बॅकअप' असतो. तो तिच्याच पर्यायातून घ्यावा, नुसता फोल्डर उचलून ठेवू नये. काही आज्ञावल्यांचा परवाना त्या विशिष्ट डिस्कशी बांधलेला असतो व डिस्क बदलताच ती उघडत नाही. महिनाअखेरीस, विवरणपत्राच्या तोंडावर हे समजले तर कसे होईल याची कल्पना औषधालयचालकांनी करावी. विक्रेत्यास आधीच दूरध्वनी करून पुन्हा परवाना मिळेल याची खात्री करून घ्यावी. विंडोजचा परवाना बहुधा मदरबोर्डशी जोडलेला असल्याने त्यास बाधा येत नाही.

दुसरी दक्षता बिटलॉकरची. नव्या लॅपटॉपांत माहिती आपोआप कुलूपबंद झालेली असते व त्याची मालकास वार्ताही नसते. ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवावी, आणि काम संपेपर्यंत ते कुलूप स्थगित करावे.

आता जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर घ्यावी की प्रणाली नव्याने टाकावी? जुनी डिस्क निरोगी असेल तर हुबेहूब प्रत सोयीची. साटा एसएसडी यूएसबीच्या केबलने, एम.२ पट्टी योग्य पेटीत घालून जोडावी आणि क्लोनझिला किंवा एसएसडी उत्पादकाने दिलेली आज्ञावली वापरावी. येथे उगम कोणता आणि लक्ष्य कोणते हे तीनदा वाचावे. उलटे झाले तर रिकाम्या एसएसडीची प्रत भरलेल्या डिस्कवर होते. जुनी डिस्क १ टीबीची व नवी ५०० जीबीची असेल तर आधी अनावश्यक माहिती काढून विभाग लहान करावा लागतो. क्लोनझिला हे आपणहून करीत नाही. डिस्क रुग्ण असेल, किंवा यंत्र अनेक वर्षांच्या निरुपयोगी आज्ञावल्यांनी भरलेले असेल, तर प्रणाली नव्याने टाकणे श्रेयस्कर. मी स्वतः दुसराच मार्ग धरतो. दोन तास अधिक जातात, पण जुना आम नव्या घरात जात नाही.

प्रधानकर्म

साहित्य थोडे : चांगल्या पोलादाचा लहान फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, तळ उचकटण्यासाठी प्लॅस्टिकची पातळ पट्टी, आणि स्क्रू ठेवण्यास कागद. कागदावर लॅपटॉपचा आराखडा काढून ज्या जागचा स्क्रू त्याच जागी ठेवावा. लांब स्क्रू आखूड जागी घातल्यास तो वरच्या बाजूने कीबोर्डपाशी बाहेर येतो. रबरी पायांखाली दडलेले स्क्रू विसरू नयेत. तळ निघत नसेल तर बळ न लावता स्क्रू शोधावा.

यंत्र पूर्ण बंद करावे. झोपवून ठेवणे पुरेसे नाही. चार्जर काढावा. बाहेरून निघणारी बॅटरी असल्यास ती काढावी. आत असल्यास तळ उघडल्यावर सर्वप्रथम तिची जोडणी सोडवावी आणि मग चालू करण्याची कळ दहा सेकंद दाबून उरलेला विद्युत्भार घालवावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते, म्हणून लोकरी व कृत्रिम धाग्यांचे कपडे टाळावेत आणि रंग नसलेल्या धातूला स्पर्श करून मगच आतील भागास हात लावावा.

अडीच इंची डिस्क लहानशा धातूच्या चौकटीत असते. चौकटीसह ती सरकवून जोडणीतून काढावी, चौकट उलगडून एसएसडीस लावावी व त्याच दिशेने परत बसवावी. काही मॉडेलांत ही जोडणी चपट्या फितीने केलेली असते. फीत ओढू नये, तिची कडी उचलावी. एम.२ पट्टी मात्र साधारण ३० अंशांच्या तिरकस कोनात खोबणीत सारावी लागते. दात जवळजवळ दिसेनासे झाले की पट्टी हलकेच खाली दाबून टोकाचा लहान स्क्रू लावावा. स्क्रू बोटांच्या दोन चिमटींच्या जोराएवढाच आवळावा. हा स्क्रू पुष्कळदा पट्टीसोबत मिळत नाही. कंपनीने रिकाम्या खोबणीपाशी तो लावून ठेवलेला असेल तर ठीक, अन्यथा आधीच आणून ठेवावा. उघडलेच आहे तर पंख्यातील धूळही मऊ कुंचल्याने काढावी, पाती बोटाने धरून.

बॅटरी जोडून, तळ लावण्यापूर्वीच एकदा यंत्र चालू करावे व बायोसमध्ये एसएसडीचे नाव दिसते का पाहावे. दिसत नसेल तर पुन्हा सर्व बंद करून जोडणी तपासावी. बायोसमध्ये दिसते पण विंडोज टाकताना दिसत नाही, असे इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक यंत्रांत घडते. तेथे व्हीएमडी नावाच्या सुविधेचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. एसएसडी सदोष समजून ती परत करणारे मी पाहिले आहेत. दिसते पण यंत्र तिच्यावरून सुरू होत नाही, तर बहुधा जुनी डिस्क 'लेगसी' पद्धतीची व नवी 'यूईएफआय' पद्धतीची झालेली असते. बायोसमधील तो एक पर्याय पालटून पाहावा.

पश्चात्कर्म

एसएसडीस पूर्वीसारखे 'डीफ्रॅग' करू नये. विंडोज तिला ओळखून आपणहून 'ट्रिम' नावाचे कर्म करते, म्हणजे पुसलेल्या नोंदींचे कोश मोकळे करते. यामुळे वेग टिकतो; पण याचीच दुसरी बाजू मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हार्डडिस्कवर चुकून पुसलेली फाइल पुष्कळदा परत मिळविता येत असे. ट्रिम झालेल्या एसएसडीवरून ती परत येण्याची आशा जवळजवळ ठेवू नये. शिवाय हार्डडिस्क मरण्यापूर्वी आवाज करते, मंदावते, पूर्वरूपे दाखविते. एसएसडी अनेकदा काल उत्तम चालत असते आणि आज संगणकास दिसत नाही. तिच्यात पूर्वरूप क्वचितच असते. ज्या वैद्याने एसएसडी बसविली आणि प्रत काढण्याची सवय लावली नाही, त्याने आपला धोका कमी न करता वाढविला आहे.

विजेबद्दलही थोडे. लिहिणे चालू असताना वीज गेली तर एसएसडीतील माहितीचा अंतर्गत नकाशा बिघडू शकतो. मोठ्या सर्व्हरमधील एसएसडीत यासाठी विद्युत्संचय करणारे भाग असतात, आपल्या स्वस्त एसएसडीत ते बहुधा नसतात. लॅपटॉपची बॅटरी हेच येथे संरक्षण. मृत बॅटरीचा लॅपटॉप केवळ चार्जरवर चालविण्याची पद्धत आपल्या अनेक औषधालयांत आहे. तेथे एसएसडीआधी बॅटरी बदलावी.

निघालेली जुनी हार्डडिस्क निरोगी असेल तर यूएसबी पेटीत घालून प्रतीसाठीच वापरावी. कपाटात ठेवून देण्याच्या प्रतीसाठी एसएसडीपेक्षा ती अधिक विश्वासार्ह आहे. साध्या एसएसडीसाठीचे प्रमाण असे आहे की, लेखनमर्यादा पूर्ण वापरल्यानंतर ३० अंश तापमानात ती विजेविना एक वर्ष माहिती धरून ठेवावी. तापमान वाढेल तसा हा काळ घटतो, आणि मे महिन्यातील आपल्याकडचे पत्र्याखालील कपाट ३० अंशांवर राहत नाही. कराचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपण्याचे बंधन आहे, हे औषधालयचालकांनी या संदर्भात ध्यानी घ्यावे.

बिघडलेली डिस्क भंगारात देऊ नये. तिच्यात रुग्णांची नावे, व्याधी, कित्येकदा गुप्त रोगांच्या व वंध्यत्वाच्या चिकित्सेचे तपशील असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. पण कायदा नसता तरी रुग्णाचे रहस्य राखणे हा आपला धर्म आहेच. चालू डिस्क असेल तर तिच्यावर संपूर्ण पुनर्लेखन करावे. बंद पडलेली असल्यास तिच्या चकत्या उघडून फोडाव्यात. लॅपटॉपमधील काही चकत्या काचेच्या असतात, डोळ्यांवर चष्मा असावा. माझी २०१९ ची ती 'कट्-कट्' करणारी डिस्क मी अशीच फोडली, मात्र तिच्यातून काही मिळते का याचा वर्षभर प्रयत्न करून झाल्यावर.

सध्या माझ्याकडे दर अमावास्येला दोन प्रती निघतात. एक जुन्या हार्डडिस्कवर, जी घरी असते. दुसरी पेनड्राइव्हवर, जी चिकित्सालयातील लोखंडी कपाटात कागदी नोंदवहीशेजारी असते. रोज सायंकाळी दिवसभराच्या नोंदींची लहान प्रत सहायिका घेते आणि वहीत तारखेपुढे सही करते. ज्या दिवशी सही नसते त्या दिवशी मी दिवा मालवीत नाही. ती आमवाताची रुग्णा अजूनही येते. तिची मात्रा, अनुपान व काढा आता तीन ठिकाणी लिहिलेला आहे.